सकाळी लागणारा आणि अर्ध्या तासात विझणारा टायरचा दिवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पंधरा दिवसांपूर्वी चारही चाकांत हवा भरून घेतली. आठवडाभर सगळं ठीक होतं. आता रोज सकाळी गाडी काढली की डॅशबोर्डवर टायरचा पिवळा दिवा लागतो आणि अर्धा तास गाडी चालली की आपोआप जातो. डोळ्यांना चारही टायर सारखेच दिसतात. मित्र म्हणतो सेन्सर गेलाय, रिसेट मार आणि विसरून जा. तर काय करावं?

रिसेटला आत्ता हातही लावू नका. तुमच्या वर्णनात सेन्सर बिघडल्याचं एकही लक्षण मला दिसत नाही. सेन्सर बिघडला तर दिवा वेगळ्या तऱ्हेने लागतो, ते पुढे सांगतो. तुमच्या गाडीत सकाळी टायरमधला दाब खरोखरच कमी असतो. गाडी चालली, टायर तापला, की आतली हवा फुगते, दाब वाढतो आणि दिवा जातो. टायर मात्र रात्रभर उभा राहून गार झाला की पुन्हा जिथल्या तिथे येतो.

मी बावीस वर्षं टायरचंच काम करतोय. हा दिवा घेऊन येणारे बरेच जण आधी दोन-तीनदा रिसेट दाबून आलेले असतात, आणि नेमका कोणता टायर हवा सोडत होता हे शोधणं त्यामुळे अवघड होऊन बसतं. म्हणून क्रम सांगतो: आधी गेज (हवेचा दाब मोजायचं साधन) लावून टायरचा सोक्षमोक्ष, मग दिव्याचा.

आधी आकडे मांडून बघू. समजा तुमच्या गाडीला ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) सांगितलंय. हा आकडा गार टायरचा असतो. गार म्हणजे गाडी निदान तीन तास उभी आहे, किंवा जेमतेम दीड-दोन किलोमीटर चालली आहे. आता आठवून बघा, हवा भरायला तुम्ही कधी गेला होतात? बहुतेक जण भर दुपारी किंवा कामावरून परतताना, दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवून जातात. तेवढ्या चालण्याने दाब सहज चार पीएसआय चढलेला असतो. म्हणजे गेजवर ३३ दिसले तेव्हा गार टायरच्या हिशेबाने आत २९च होते. पुढे हवामान. तापमान दहा अंश सेल्सिअसने उतरलं की दाब साधारण दीड पीएसआय उतरतो. दुपार आणि पहाट यांत पंधरा अंशांचा फरक असेल तर आणखी सव्वादोन गेले. राहिले पावणेसत्तावीस. शिवाय कुठेही भोक नसलेला, धडधाकट टायरसुद्धा रबरातून महिन्याला एक-दोन पीएसआय सोडतच असतो. पंधरा दिवसांनी तुम्ही बरोबर त्या रेषेवर येऊन उभे राहिलात जिथे दिवा सकाळी लागतो आणि दुपारी जातो.

ती रेषा कुठे आहे हेही सांगतो, कारण इथे लोकांचा मोठा गैरसमज असतो. दिवा लागला म्हणजे हवा जराशी कमी झाली, असं वाटतं. तसं नाही. अमेरिकेत २००० साली झालेल्या कायद्यातून जो नियम आला, त्याप्रमाणे दाब सांगितलेल्या आकड्यापेक्षा २५ टक्के खाली गेला की दिवा लागलाच पाहिजे. तिथल्या नव्या मोटारींना तो सप्टेंबर २००७ पासून सरसकट लागू झाला. युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत ही यंत्रणा सक्तीची आहे आणि तिथली मर्यादा २० टक्क्यांच्या आसपासची आहे. जगभरच्या बहुतेक गाड्या याच दोन नियमांच्या आगेमागे बांधलेल्या असतात. ३३ मधून २० टक्के वजा केले तर २६.४ उरतात, २५ टक्के वजा केले तर २४.७५. म्हणजे दिवा लागेपर्यंत साडेसहा ते आठ पीएसआय गेलेले असतात. हा इशारा लवकर मिळत नाही, बराच उशिरा मिळतो.

आणि डोळ्यांवर तर अजिबात विसंबू नका. रेडियल टायर पूर्ण हवेतही जमिनीजवळ थोडा फुगलेलाच दिसतो. २५ आणि ३३ मधला फरक उभ्या उभ्या ओळखणं मलाही जमत नाही. लाथ मारून, अंगठा दाबून तर काहीच कळत नाही.

हवा कमी असलेला टायर चालताना बाजूने जास्त दुमडतो. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला दुमडणं आणि सरळ होणं, यातून उष्णता तयार होते आणि ती टायरच्या बाजूतले धागे आतून कमकुवत करत जाते. बाहेरून काही दिसत नाही. एका कुटुंबाची गाडी माझ्याकडे आली होती. मागच्या डाव्या चाकामुळे दिवा लागायचा आणि घरातलं कुणीतरी दर वेळी रिसेट करायचं. मी टायर रिमवरून उतरवला तर आतून काळी भुकटी सांडली. रबर आतल्या आत घासून त्याचं पीठ झालं होतं आणि बाजूला चहूकडून एक गोल पट्टा उमटला होता. दोन दिवसांनी त्याच गाडीतून सगळे लांबच्या प्रवासाला निघणार होते. त्या टायरचा एक कापलेला तुकडा मी अजून ठेवलाय. "रिसेट करून द्या" असं कुणी म्हटलं की तो हातात देतो.

आता रिसेटचं बटण करतं काय ते समजून घ्या. दाब ओळखण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत प्रत्येक चाकाच्या आत, व्हॉल्व्हला जोडून, एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. तो दाब प्रत्यक्ष मोजतो आणि रेडिओ लहरींवरून गाडीला कळवतो. दुसरीत चाकात काहीच नसतं. ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या एबीएस यंत्रणेला प्रत्येक चाकाचा वेग कळत असतो. हवा कमी झाली की चाकाचा घेर किंचित घटतो आणि तेवढंच अंतर कापायला ते जास्त फिरतं. हा फरक ओळखून गाडी अंदाज बांधते की अमुक चाकात हवा कमी असावी. या दुसऱ्या पद्धतीत रिसेट दाबणं म्हणजे गाडीला सांगणं की "आत्ता जसे टायर आहेत ते बरोबर आहेत, इथून पुढे हेच प्रमाण धर." टायरमध्ये २५ असताना दाबलंत तर गाडी तीच स्थिती बरोबर म्हणून शिकते. मग दिवा जातो, आणि पुन्हा लागायला दाब त्याहूनही बराच खाली जावा लागतो. आत सेन्सर असलेल्या काही गाड्याही रिसेटच्या वेळचा दाब पाया म्हणून धरतात. तुमच्या मित्राचा सल्ला म्हणूनच धोक्याचा आहे.

तुमच्या गाडीत कोणती पद्धत आहे हे ओळखायला सोपं आहे. डॅशबोर्डवर किंवा पडद्यावर प्रत्येक चाकाचा दाब आकड्यात दिसत असेल तर आत सेन्सर आहेत. आकडे कुठेच दिसत नसतील आणि फक्त रिसेटचं बटण किंवा मेनूत तशी सोय असेल तर बहुधा दुसरी पद्धत. व्हॉल्व्ह धातूचा असेल तर आत सेन्सर असण्याची शक्यता जास्त, पण रबरी व्हॉल्व्हचेही सेन्सर येतात, त्यामुळे ही खूण पक्की नव्हे. गाडीच्या पुस्तिकेत एका मिनिटात सापडेल.

आता करायचं काय. स्वतःचं एक गेज घ्या. डायलचं किंवा डिजिटल, कुठलंही चांगलं. सतत वापरून, आपटून हवा भरण्याच्या ठिकाणची गेजं बिघडलेली असतात; मी दोन-तीन पीएसआयचा फरक नेहमी बघतो. तुमचं गेज अचूक असलंच पाहिजे असंही नाही. ते रोज सारखंच बोललं पाहिजे, म्हणजे आजच्या आकड्याची उद्याच्या आकड्याशी तुलना करता येते.

योग्य दाबाचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर असतो. काही गाड्यांत इंधनाच्या झाकणाच्या आत. पुढच्या आणि मागच्या चाकांचे आकडे वेगळे असू शकतात, आणि गाडी माणसांनी व सामानाने भरलेली असताना वेगळे. टायरच्या बाजूवर जो मोठा आकडा छापलेला असतो तो त्या टायरची कमाल मर्यादा आहे. तो भरायचा नसतो. बरेच जण तिथेच चुकतात आणि गाडी दगडासारखी आपटत चालवतात. पट्टीवर बारमध्ये लिहिलं असेल तर १ बार म्हणजे साडेचौदा पीएसआय, २.३ बार म्हणजे ३३ च्या थोडं वर.

उद्या सकाळी, गाडी जागची न हलवता, ऊन टायरवर पडायच्या आधी चारही चाकांचा दाब मोजा आणि लिहून ठेवा. हा ऊन पडायच्या आधीचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण उन्हातल्या बाजूचे टायर सावलीतल्या टायरांपेक्षा एक-दोन पीएसआय जास्त दाखवतात, आणि मग माणूस सावलीतल्या निर्दोष टायरवर संशय घेतो. मोजून झालं की चारही चाकं पट्टीवरच्या आकड्याला आणा. शक्य असेल तर घरच्या लहान कॉम्प्रेसरने, नाहीतर सर्वांत जवळच्या हवेच्या ठिकाणी हळू जाऊन. लांब जावं लागलं आणि टायर तापला तर? मग घरी गार असताना किती कमी होती ते लिहिलेलं आहेच. २७ होती, ३३ हवी, म्हणजे सहा कमी. तिथे पोचल्यावर गेज जे दाखवेल त्यात सहा मिळवा. ३१ दाखवत असेल तर ३७ करा. गार झाल्यावर ते ३३ ला येतील. आणि तापलेल्या टायरमधून "जास्त झाली" म्हणून हवा कधीही काढू नका; तुमच्यासारख्या तक्रारी कित्येकदा त्यातूनच सुरू होतात.

दुसऱ्या सकाळी पुन्हा मोजा. तिसऱ्या सकाळी पुन्हा. मग तीन-चार दिवस जाऊ द्या आणि परत एकदा. या वहीतून जे कळतं ते कुठल्याही महागड्या यंत्रातून इतक्या सरळ कळत नाही. चारही आकडे एकत्र अर्धा-एक पीएसआय वरखाली होत असतील तर तो हवामानाचा आणि गेजचा खेळ आहे, टायर निरोगी आहेत. तीन चाकं ३३ ला आणि एक ३२, ३१, २९ असं उतरत चाललंय, तर गळती त्या चाकात आहे, दुसरीकडे बघायची गरज नाही. तुम्ही म्हणता हवा चारही चाकांत भरली. पण दिवा चारही चाकांमुळे लागतो की एकामुळे, हे तुम्हाला अजून माहीत नाही. मला विचाराल तर माझा पहिला कौल चुकीच्या वेळी हवा भरण्याला आहे. दुसरा कौल एका चाकातल्या मंद गळतीला. तीन सकाळींत निकाल लागतो.

गळती निघाली तर ती शोधायची कशी, ते सांगतो, कारण इथे घाईघाईत काम करणारे "काही नाही, ठीक आहे" म्हणून चाक परत देतात.

सुरुवात व्हॉल्व्हपासून. टोपी काढा आणि व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाच्या पाण्याचा थेंब ठेवा. थेंब फुगत असेल तर आतली पिन सैल आहे किंवा तिच्याखाली कचरा अडकलाय. पिन घट्ट केली की थांबतं, नाहीतर पिन बदलायची. मग व्हॉल्व्हच्या बुडाशी साबण लावून तो हलक्या हाताने इकडेतिकडे वाकवा. जुन्या रबरी व्हॉल्व्हला बुडाशी बारीक चिरा पडतात आणि त्या वाकवल्याशिवाय उघडत नाहीत. गाडी वेगात असताना व्हॉल्व्ह बाहेरच्या दिशेला ओढला जातो, म्हणून असा टायर उभ्या गाडीत टिकतो आणि चालत्या गाडीत हवा सोडतो. धातूच्या व्हॉल्व्हच्या बुडाशी रबरी वॉशर असतो, तो वाळतो. टोपीसुद्धा तुच्छ समजू नका: अॅल्युमिनियमच्या व्हॉल्व्हवर पितळी टोपी बसवली तर दोन धातूंत ओल शिरून गंज चढतो, टोपी जाम होते, आणि काढायला गेलं की व्हॉल्व्ह मोडून सेन्सरसकट हातात येतो. प्लॅस्टिकची साधी टोपी लावा, पण लावा.

नंतर टायरचा जमिनीवर टेकणारा भाग. चाक पूर्ण फिरवून बघा. गाडी उभी असताना नेमका खिळा जमिनीकडच्या बाजूला असतो. खिळा किंवा स्क्रू दिसला तर तिथेच उपटू नका. तोच भोक बुजवून बसलेला असतो. काढलात तर मंद गळती जलद होते. खडूने खूण करा आणि चाक घेऊन या. दुरुस्ती टायर उतरवून, आतून पाहून, आतून ठिगळ आणि भोकात बूच अशी दोन्ही बाजूंनी व्हावी. बाहेरून दोरी खुपसून केलेलं काम रस्त्यावरची वेळ निभावून नेण्यापुरतं ठीक. भोक सहा मिलिमीटरपेक्षा मोठं असेल, किंवा टायरच्या खांद्याला वा बाजूला असेल, तर दुरुस्ती करायची नाही, टायर बदलायचा. इथे मी कुणाच्याही आग्रहाला बळी पडत नाही.

व्हॉल्व्ह चांगला, खिळा नाही, तरी हवा जाते? मग रिम. टायरची कड रिमला जिथे टेकते तिथे गंज किंवा जुन्या रबराचा थर साचला की चहूकडून सूक्ष्म बुडबुडे येतात. अलॉय रिमवर रंग उडून आत पांढरी भुकटी धरते, तीही हेच करते. टायर उतरवून ती जागा घासून साफ करावी लागते. नुसती हवा भरत राहून हे कधीच बरं होत नाही. आणि खड्ड्यात आपटलेल्या रिमला आतल्या कडेला, म्हणजे गाडीखालून पाहिल्याशिवाय दिसणार नाही अशा ठिकाणी, केसाएवढी चीर असू शकते. पूर्ण चाक पाण्याच्या टाकीत बुडवून दोन-तीन मिनिटं शांतपणे बघायला लावा. पाच सेकंदांत बाहेर काढलेल्या चाकातली मंद गळती दिसत नाही. एका बुडबुड्याला वीस-तीस सेकंदही लागतात.

आता खरोखर सेन्सर किंवा यंत्रणा बिघडते तेव्हा काय दिसतं. इंजिन सुरू केल्यावर दिवा मिनिट-दीड मिनिट लुकलुकतो आणि मग स्थिर पेटलेला राहतो. पुढच्या वेळी सुरू केली की पुन्हा तेच. काही गाड्यांत त्याऐवजी अक्षरांत सूचना येते, किंवा एका चाकाच्या जागी आकड्याऐवजी आडव्या रेघा दिसतात. लुकलुक न करता थेट स्थिर लागलेला दिवा म्हणजे हवा कमी. तुमचा दुसऱ्या प्रकारचा आहे. तरी उद्या सकाळी पहिलं दीड मिनिट दिव्याकडे नीट लक्ष द्या, कारण लुकलुक बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. तोवर माणूस सीटचा पट्टा लावत असतो, आरसा बघत असतो.

लुकलुक दिसली तर पहिला संशय सेन्सरमधल्या बॅटरीवर. ती आत सीलबंद असते, वेगळी बदलता येत नाही, आणि साधारण पाच ते दहा वर्षं टिकते. मरायच्या आधी ती थंड सकाळी रुसते आणि दिवसा चालते, त्यामुळे वरवर तुमच्यासारखीच तक्रार ऐकू येते, फरक लुकलुकीचा. चारही सेन्सर एकाच दिवशी गाडीत बसलेले असतात, म्हणून एक गेला की बाकीचे फार मागे नसतात. गाडी आठ-नऊ वर्षांची असेल आणि टायरही बदलायला आले असतील तर मी चारही सेन्सर एकदमच बदलायला सांगतो. टायर तर उतरणारच असतात. टायर अजून नवे असतील तर फक्त मेलेला बदला.

नवा सेन्सर नुसता बसवून भागत नाही. प्रत्येक सेन्सरचा स्वतःचा क्रमांक असतो आणि गाडीला तो शिकवावा लागतो. काही गाड्या थोडं अंतर चालवल्यावर स्वतः शिकतात, काहींत मेनूतून शिकवायचं असतं, काहींना गाडीतला बिघाड तपासायच्या ओबीडी सॉकेटमध्ये यंत्र जोडावं लागतं. शिवाय सेन्सरची रेडिओ लहर गाडीशी जुळली पाहिजे: ३१५ मेगाहर्ट्झ आणि ४३३ मेगाहर्ट्झ असे दोन प्रकार सर्रास असतात आणि बाहेरून दोन्ही जुळे भाऊ दिसतात. नवा सेन्सर घालूनही लुकलुक थांबली नाही तर हे दोन प्रश्न आधी विचारा. जवळ यंत्र असलेला माणूस टायर न उतरवता, व्हॉल्व्हशेजारी यंत्र धरून प्रत्येक सेन्सर जागा आहे का, बॅटरी कशी आहे, दाब किती सांगतोय हे वाचू शकतो. ते न करता कुणी थेट "सेन्सर बदला" म्हणत असेल तर आधी वाचून दाखवायला सांगा.

टायर बदलताना किंवा पंक्चर काढताना सेन्सर तुटतो, हे आमच्या धंद्यातलं खरं दुखणं आहे. टायरची कड सोडवणारं यंत्र व्हॉल्व्हच्या जवळ दाबलं की आतला सेन्सर चिरडतो. सुरुवातीच्या काळात माझ्या हातूनही दोन तुटले. दोन्ही वेळा भरून दिले आणि तेव्हापासून टायर उतरवण्याआधी व्हॉल्व्हची जागा खडूने आखून घेतो. तुम्ही फक्त एवढंच म्हणा, "आत सेन्सर आहे, व्हॉल्व्हपासून लांब दाबा." काम करणारा सावध होतो. टायर उतरलाच आहे तर सेन्सरचा वॉशर, नट आणि पिन नवी घालून घ्या. या किरकोळ वस्तूच पुढे गळतात. पंक्चर बुजवणारं द्रव्य आत ओतलं असेल तर तेही आधी सांगा. ते सेन्सरच्या बारीक छिद्रात जाऊन बसतं आणि मग सेन्सर चुकीचा दाब सांगतो. कधी नुसतं पुसून भागतं, कधी नाही.

स्टेपनीचा मुद्दा पटकन. काही गाड्यांत स्टेपनीतही सेन्सर असतो, आणि चारही चाकं ठणठणीत असताना दिवा तिच्यामुळे लागतो. वर्षभर कुणी तिच्याकडे बघितलेलंच नसतं. उलट बारीक, तात्पुरत्या स्टेपनीत बहुधा सेन्सर नसतो. ती लावून गाडी चालवली की थोड्या वेळाने लुकलुक सुरू होते. तो बिघाड नाही.

एबीएसवर अंदाज बांधणाऱ्या गाड्यांच्या तक्रारी जरा निराळ्या. एकच टायर नवा घातला आणि बाकी तीन झिजलेले असतील तर नव्याचा घेर मोठा पडतो आणि गाडी गोंधळते. एका बाजूला जड सामान, वेगळ्या मापाचा टायर, लांबवर सुट्या खडीचा रस्ता यांनीही तसंच होतं. या पद्धतीची मोठी उणीव म्हणजे चारही टायर सारखेच हळूहळू उतरत गेले तर चाकांच्या वेगात फरकच पडत नाही, आणि साध्या यंत्रणेला काही कळत नाही. अशा गाडीत दिवा नाही म्हणून निर्धास्त राहू नका, महिन्यातून एकदा गेज लावाच. मात्र इथे चारही चाकं गार असताना बरोबर भरल्यावर रिसेट करणं आवश्यक असतं. टायर बदलल्यावर, चाकांची अदलाबदल केल्यावरही. रिसेट करायची तीच काय ती योग्य वेळ.

आत सेन्सर असलेल्या गाडीत बहुधा काहीच दाबावं लागत नाही. पण हवा भरल्याबरोबर दिवा जाईलच असंही नाही. गाडी उभी असताना सेन्सर बॅटरी वाचवायला झोपलेले असतात. चाक फिरायला लागलं की जागे होतात. दहा-पंधरा मिनिटं चालवून बघा. शिवाय दिवा ज्या दाबाला लागतो त्याच दाबाला विझत नाही, त्याहून बराच वर गेल्यावर विझतो, नाहीतर रेषेवरचा टायर दिवसभर लागत-विझत राहिला असता. त्यामुळे "दोन पीएसआय घातले तरी दिवा जात नाही" या तक्रारीचं उत्तर पट्टीवरच्या आकड्यापर्यंत पूर्ण भरा, हेच.

नायट्रोजन भरला की ही कटकट संपते का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि शुद्ध नायट्रोजनही गारठ्यात हवेइतकाच आकसतो. रबरातून तो थोडा हळू झिरपतो, एवढाच फायदा. सकाळचा दिवा त्याने थांबणार नाही, आणि नायट्रोजन भरलेल्या टायरमध्ये साधी हवा घालायला काहीही हरकत नाही. डोंगरावर फिरायला जाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट: समुद्रसपाटीपेक्षा दीड हजार मीटर उंचीवर बाहेरच्या हवेचा दाबच कमी असतो, म्हणून त्याच टायरचा गेजवरचा आकडा सव्वादोन-अडीच पीएसआय जास्त दिसतो. वर असताना मोजून, पट्टीवरच्या आकड्याला जुळवायला हवा काढलीत, तर खाली आल्यावर तेवढी हवा कमी भरते आणि दिवा लवकर लागतो.

आणि हे सगळं सकाळी सावकाश करायच्या गोष्टी झाल्या. चालत्या गाडीत दिवा अचानक लागला, स्टीअरिंग एका बाजूला ओढतंय, मागची बाजू डुलतेय किंवा धपधप आवाज येतोय, तर वेग हळूहळू कमी करा, करकचून ब्रेक मारू नका, आणि सुरक्षित जागा मिळताच थांबा. टायर दिसायला बसलेला असेल किंवा गेज २० च्या खाली दाखवत असेल तर तसंच पुढचं गाव गाठायचा विचार करू नका, स्टेपनी लावा. तसा थोडा जरी चालला असेल तर टायर आतून पाहिल्याशिवाय पुन्हा हवा भरून वापरू नका. गाडी नीट चालतेय, आकडा २५-२६ ला टिकून आहे, तर सावकाश जवळच्या हवेच्या ठिकाणापर्यंत जायला हरकत नाही.

तेव्हा उद्या सकाळी ऊन यायच्या आत चार आकडे आणि पट्टीवरचा आकडा लिहून ठेवा, भरून घ्या, आणि पुढच्या दोन सकाळींचेही इथेच लिहून पाठवा. सुरू केल्यावर दिवा लुकलुकला की थेट लागला, गाडी किती वर्षांची आहे आणि टायर शेवटचे कधी उतरवले होते, हेही कळवा. एखादं चाक मागे पडत असेल तर त्याच दिवशी त्याच्या व्हॉल्व्हला साबण लावून बघा, मी आकडे बघून पुढचं सांगतो.